पाण्यावरची युवा परिषद घ्यायची आहे, सुरुवात कुठून करावी?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: महाविद्यालयीन मुलामुलींसाठी जलसंधारण आणि हवामान बदल या विषयावर दोन दिवसांची परिषद घ्यायची आहे, दोनशेच्या आसपास जण येतील. वक्ते कोण बोलवावेत, सत्रं कशी आखावीत आणि शेवटचा ठराव कसा लिहावा? शेवटी जाता जाता एक वाक्य आलं आहे, "मागच्या परिषदेला गर्दी चांगली झाली, पण नंतर काहीच झालं नाही." मला वाटतं खरा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो.

नंतर काही होत नाही, कारण मुलं येतात रिकाम्या हातांनी आणि जातात प्रमाणपत्र घेऊन. मधल्या दोन दिवसांत ऐकलेलं सगळं खरं असतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी गावाबद्दल असतं. ज्या परिषदेला प्रत्येक गट आपल्या गावाचा, वस्तीचा किंवा महाविद्यालयाच्या आवाराचा पाण्याचा ताळेबंद घेऊन येतो, तिथे बसून तो दुरुस्त करतो आणि पुढचं वर्षभर काय मोजायचं ते ठरवून जातो, ती परिषद मागे काहीतरी ठेवून जाते. तरुण मुलांकडे निधी नसतो, निर्णयाचे अधिकार नसतात, खोदकामात ती सराईत मजुराची बरोबरी करू शकत नाहीत. नियमित मोजणी मात्र ती फार चांगली करतात, आणि पाण्याच्या कामात नेमकी तिचीच टंचाई असते. बंधारे बांधले जातात, त्यांचे फोटोही असतात, पण बांधण्याआधी आणि बांधल्यावर शेजारच्या विहिरीत पाणी किती होतं, हे बहुतेक ठिकाणी कुणीच लिहून ठेवलेलं नसतं.

पुढचं सगळं काही प्रमाणात परिस्थितीवर अवलंबून आहे. मुलं शहरातली असतील तर विहिरींऐवजी टाक्या, मीटर आणि छतं मोजावी लागतील. ग्रामीण असतील तर विहिरी, ओढे आणि पिकं. वेळ निवडायची मुभा असेल तर पावसाळ्याच्या दीड-दोन महिने आधीची निवडा. तेव्हा ओढे कोरडे असतात, त्यामुळे बंधाऱ्याचा पाया, साचलेला गाळ, फुटलेली कडा हे सगळं उघडं दिसतं. शिवाय परिषद संपल्यावर पर्जन्यमापक बसवायला वेळ मिळतो आणि पहिल्या पावसापासून नोंद सुरू होते. पावसाळ्यानंतर घेतली तर वाहतं पाणी दिसतं, पण मुलांच्या हातात मोजायला सात-आठ महिने फारसा नवा पाऊस नसतो, आणि उत्साह तेवढा थांबत नाही.

तयारी आठ आठवडे आधी सुरू करा. पाच-पाच जणांचे गट पाडा आणि प्रत्येक गटाला एकच जागा द्या. प्रवेश अर्जासोबतच तीन कामं सांगा: पाणी येतं किती, साठलंय किती, वापर किती.

"येतं किती" यासाठी जवळच्या पर्जन्यमापन केंद्राच्या शक्यतो ३० वर्षांच्या रोजच्या नोंदी मिळवायच्या. ३० यासाठी, की हवामानाची सरासरी काढताना जगभर ३० वर्षांचाच काळ धरतात. सध्या १९९१ ते २०२० हा काळ वापरात आहे. दहा वर्षांच्या आकड्यांवरून "पाऊस कमी झाला" असं म्हणणं म्हणजे दोन-तीन वाईट वर्षांना कल समजणं. वार्षिक बेरजेवर थांबू नका. दर वर्षाचे चार आकडे काढायला सांगा: एकूण पाऊस, पावसाचे दिवस, पावसाळ्यातला सगळ्यात मोठा खंड किती दिवसांचा, आणि एका दिवसात पडलेला सर्वाधिक पाऊस. भारतीय हवामान खात्याच्या पद्धतीत सकाळी साडेआठला मागच्या २४ तासांचा पाऊस नोंदतात, २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरतात आणि ६४.५ मिमीपासून पुढे जोरदार पाऊस मोजतात. सगळ्या गटांनी एकच व्याख्या वापरली नाही तर दोन गावांची तुलनाच करता येत नाही, आणि ही चूक फार सर्रास होते.

"साठलंय किती" म्हणजे विहिरीची स्थिर पाणीपातळी. काम साधं वाटतं, पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. विहिरीच्या कठड्यावर तेलरंगाने एक ठसठशीत खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेपासून मोजा. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदाच मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि प्रत्येक आकड्यातून वजा करा. एकदा कठड्यापासून आणि एकदा जमिनीपासून मोजलं, तर पाऊस न पडताही पाणी पाऊण मीटर वर आल्यासारखं दिसतं! दोरी वापरू नका, ती भिजली की तिची लांबी बदलते. टोकाला वजन बांधलेली टेप घ्या. पहाटे, रात्रभर पंप बंद असताना मोजा. पंप चालू असताना किंवा नुकताच थांबला असताना घेतलेला आकडा उपशाचा असतो, भूजलाचा नसतो. शेजारच्या विहिरीचा किंवा बोअरचा पंप चालू होता का, हेही लिहा. आणि सुरक्षिततेचा नियम ठामपणे सांगा: कठडा नसलेली विहीर मोजायची नाही, एकट्याने जायचं नाही, आणि कोणत्याही कारणाने आत उतरायचं नाही. जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत तळाशी प्राणवायू कमी असू शकतो, आणि पडलेली टेप काढायला उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो.

"वापर किती" हा आकडा अंदाजाने लिहिला जातो, म्हणून तो घ्यायची पद्धत सांगा. मीटर असेल तर आठ दिवस एकाच वेळी वाचन. मीटर नसेल तर टाकीची आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची मीटरमध्ये मोजून गुणाकार केला की घनमीटर मिळतात, आणि १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर. टाकी दिवसात किती वेळा भरते हे पंप चालवणाऱ्या माणसाला माहीत असतं. गळती मोजायला ग्लास आणि घड्याळ पुरतं: ठिबकणाऱ्या नळाखाली १०० मिलिलिटरचं माप दहा मिनिटांत भरलं, तर दिवसाला १४.४ लिटर वाया जातात. असे किती नळ आहेत ते मोजायला एक दुपार लागते.

आता परिषद. पहिल्या दिवसाची सकाळ ही परिषदेची सगळ्यात मोलाची वेळ असते आणि तीच उद्घाटनात जाते. उद्घाटन अर्ध्या तासात आटपा आणि लगेच ताळेबंदाला बसवा. सुरुवातीला फळ्यावर एक उदाहरण सगळ्यांनी मिळून सोडवायचं. गणित एका वाक्यात सुरू होतं: १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. समजा, महाविद्यालयाचं आवार ५ हेक्टर आणि पाऊस ७०० मिमी. आवारावर पडलेलं पाणी ३५,००० घनमीटर, म्हणजे साडेतीन कोटी लिटर. आकडा ऐकून सगळ्यांचे चेहरे खुलतात. मग छताकडे या. छतं मिळून ४,००० चौरस मीटर, वाया जाणारं वजा करून ८० टक्के हाती लागेल असं धरलं तर २२ लाख ४० हजार लिटर. आता वापर: १,००० विद्यार्थी, भारतात दिवसशाळेसाठी माणशी ४५ लिटर धरतात तेवढे, २२० दिवस. म्हणजे ९९ लाख लिटर. अख्ख्या वर्षाचं छताचं पाणी गरजेच्या पावभागालाही पुरत नाही.

इथे थांबून विचारा, की मग ५०,००० लिटरची टाकी बांधली तर? त्या छतावर १६ मिमीचा एक पाऊस पडला की टाकी भरली, आणि रोजचा वापर ४५,००० लिटर असल्याने ती एका दिवसाहून थोड्याच जास्त वेळात रिकामी. पुढचा पाऊस लगेच आला तर पाणी टाकीवरून वाहून जाणार, महिनाभर आला नाही तर टाकी कोरडी राहणार. म्हणजे टाकी केवढी हवी हे वर्षाच्या पावसावरून ठरत नाही. दोन पावसांमधल्या दिवसांवर आणि वापरावर ठरतं, आणि जास्तीचं पाणी मुरवायची सोय टाकीसोबतच करावी लागते. "छतावरचं पाणी अडवलं की प्रश्न सुटला" हे वाक्य प्रत्येक परिषदेत कुणीतरी म्हणतं. हे गणित एकदा स्वतः केलेला मुलगा किंवा मुलगी ते पुन्हा म्हणत नाही. गळके नळ आणि मोठ्या टाकीचे फ्लश आधी बदलायचे हे त्यांना स्वतःलाच सुचतं.

एककांची एक चूक आवर्जून सांगा. जलसंधारणाच्या कामात टीसीएम वापरतात, म्हणजे हजार घनमीटर, १० लाख लिटर. धरणांच्या बातम्यांत टीएमसी असतं, म्हणजे अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. दोन अक्षरांची अदलाबदल झाली की हिशेब २८,००० पटींहून जास्त चुकतो, आणि हे छापील अहवालांतही दिसतं.

गावाचा ताळेबंद मांडणाऱ्या गटांना आणखी एक पायरी लागते, ती म्हणजे मुरणाऱ्या पाण्याची. पडलेल्या पावसातला मोठा भाग माती आणि झाडांतून परत हवेत जातो, काही वाहून जातो, आणि भूजलात पोचतो तो वाटा खडकावर ठरतो. भारतातल्या भूजल मूल्यांकनात झिजलेल्या बेसाल्टसाठी, म्हणजे काळ्या खडकासाठी, पावसाच्या साधारण ६ ते ८ टक्के धरतात, गंगेच्या मैदानातल्या गाळाच्या जमिनीसाठी २० टक्क्यांच्या वर. हा एवढा फरक मुलांना कळला, की एका ठिकाणची यशोगाथा जशीच्या तशी दुसरीकडे का लावता येत नाही हे वेगळं समजावावं लागत नाही. हिवरे बाजारचं उदाहरण द्यायचंच असेल तर तिथल्या हिरवाईच्या फोटोंपेक्षा तिथली पद्धत दाखवा: पाऊस मोजायचा, उपलब्ध पाण्याचा हिशेब गावासमोर मांडायचा आणि त्यावरून त्या वर्षीची पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हा नियम त्यासोबत आहे. अडवलेल्या पाण्याइतकंच हे उपशावरचं बंधन महत्त्वाचं आहे, आणि भाषणांत नेमकं तेच गळतं.

हवामान बदलाचं सत्र दुपारी, आणि तेही आणलेल्या आकड्यांवर. पार्श्वभूमी दहा मिनिटांत सांगता येते. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचं सरासरी तापमान १८५० ते १९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंश सेल्सिअसने जास्त होतं. हवा १ अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस पडायला लागला की जोरात पडतो, आणि मधल्या खंडात माती लवकर सुकते. चेन्नईत डिसेंबर २०१५ मध्ये महापूर होता आणि जून २०१९ मध्ये शहराला पाणी देणारे मुख्य जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते. एकाच शहराला, चार वर्षांच्या आत, दोन्ही टोकं पाहावी लागली. मग गटांना आपापले चार आकडे भिंतीवर आलेखात मांडायला लावा. बऱ्याच ठिकाणी असं दिसेल की वर्षाची बेरीज फारशी हललेली नाही, पण दिवस किंवा खंड बदलले आहेत. काही ठिकाणी काहीच ठाम दिसणार नाही. तेही प्रामाणिकपणे लिहायला शिकवा. मध्येच एकदम उडी दिसली तर आधी केंद्राची जागा बदलली होती का ते विचारायचं, मगच हवामानाकडे बोट दाखवायचं.

याच सत्रात एक अवघड गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आटलेली प्रत्येक विहीर हवामान बदलामुळे आटलेली नसते. पावसाची ३० वर्षांची बेरीज तशीच आहे, पण त्याच काळात बोअर दहापट झाल्या आणि पिकं बदलली, तर कारण उपसा आहे. दोष हवामानावर टाकला की गावाला करण्यासारखं काही उरत नाही; उपसा मान्य केला की उरतं. हवामान बदल त्या ताणात भर घालतो, आणि ती भर किती हे आकड्यांवरूनच बोलायचं.

जलसंधारण आणि हवामान बदल हे दोन विषय परिषदेत बहुधा शेजारी शेजारी बसतात, एकमेकांत गुंतत नाहीत. त्यांना जोडणारा सगळ्यात सोपा धागा म्हणजे पंप. १ घनमीटर पाणी १०० मीटर वर उचलायला गणिताप्रमाणे ०.२७ युनिट वीज लागते. पंप, मोटर आणि पाइप मिळून ४० टक्के कार्यक्षमता धरली तर जवळजवळ ०.७ युनिट. पाणी २० मीटरवरून ६० मीटर खाली गेलं की त्याच पाण्याला तिप्पट वीज. म्हणजे पातळी वर आणणं हे बदलत्या हवामानाशी जुळवून घेणंही आहे आणि, वीज कोळशावर तयार होत असेल तर, उत्सर्जन कमी करणंही. प्रत्येक गटाला आपल्या पंपाचं हे गणित करायला लावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवारफेरी. दोनशे जण एका बंधाऱ्यावर नेले तर पुढचे वीस ऐकतात, बाकीचे फोटो काढतात. पंधरा-वीसचे गट करा, प्रत्येकासोबत जागा माहीत असलेला एक माणूस द्या, आणि फेरी माथ्यापासून पायथ्याकडे न्या. पाणी ज्या क्रमाने येतं त्याच क्रमाने काम पाहिलं की डोंगरउतारावरचे सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले) आधी आणि नाल्यातला बंधारा शेवटी का, हे चालता चालता कळतं. वरचं काम न करता खाली बांधलेला बंधारा दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो. शक्य असेल तर एक बिघडलेलं काम मुद्दाम दाखवा. सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर सोडायची वाट, अपुरा असल्याने भरावावरून पाणी गेलेला माती बांध किंवा काठात नीट न रुतवल्यामुळे कडेने फुटलेला बंधारा, यातून चांगल्या कामापेक्षा जास्त शिकायला मिळतं. आदल्या दुपारच्या आलेखातला "एका दिवसातला सर्वाधिक पाऊस" हा आकडा इथे सांडव्याच्या रुंदीशी जोडता येतो. नाला खोलीकरण दाखवत असाल तर किती खोल हेही विचारा. गाळ काढणं ठीक. त्याखालचा पाणी धरून ठेवणारा मुरूम कापत गेलं तर शेजारच्या विहिरींचं पाणी नाल्यात उतरून निघून जातं.

फेरीत दोन प्रयोग प्रत्येक गटाने स्वतःच्या हाताने करावेत. पहिला ए फ्रेमचा, म्हणजे समपातळीची रेषा आखायच्या इंग्रजी ए आकाराच्या चौकटीचा: दोन मीटरचे दोन बांबू, एक आडवी काठी, मध्ये ओळंबा. सपाट वाटणाऱ्या जागी उभी करून दोरी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण करायची. दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. ही पायरी गाळली तर आखलेली रेषा हळूच उताराला लागते, चरातलं पाणी एका टोकाला जमतं आणि तिथून फोडून निघतं.

दुसरा प्रयोग माती पाणी किती लवकर पिते याचा. १५ सेंटिमीटर व्यासाच्या पाइपाचा हातभर लांब नको, १२-१५ सेंटिमीटर उंचीचा तुकडा पुरे. वर लाकडाची फळी ठेवून तो निम्मा जमिनीत ठोकायचा. आत पातळ प्लास्टिक अंथरून त्यावर ४५० मिलिलिटर पाणी ओतायचं आणि प्लास्टिक अलगद ओढून घ्यायचं, म्हणजे धारेने माती उकरली जात नाही. एवढं पाणी म्हणजे साधारण २५ मिमी पाऊस. पहिलं पाणी माती भिजवण्यापुरतं, त्याची वेळ धरायची नाही. तेवढंच पाणी पुन्हा ओतून पृष्ठभागावरची चकाकी जाईपर्यंतचा वेळ मोजायचा. एक तुकडा झाडाखालच्या पालापाचोळ्यात लावा, दुसरा दहा पावलांवरच्या पायवाटेवर. झाडाखाली बुडबुडे येत पाणी बघता बघता खाली जातं. पायवाटेवर त्याचा आरसा होऊन बसतो, आणि मुलं घड्याळाकडे पाहत उकिडवी बसून राहतात. माती आणि पाऊस तोच असूनही असं का, हा प्रश्न तेव्हा कुणाला विचारावा लागत नाही.

श्रमदान आणि वृक्षारोपणाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल चर घेतला तर एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावतं. सगळ्यांनी मिळून १०० मीटर खोदला तर १८,००० लिटर. उतारावरच्या एका हेक्टरवर ३० मिमीची सर आली आणि तिच्यातलं निम्मं वाहिलं, तरी दीड लाख लिटर येतात. म्हणजे अख्ख्या परिषदेची सकाळ एका हेक्टरच्या एका सरीतला आठवा हिस्सा अडवते. हे गणित सांगून, जाणत्या माणसाने आधी आखून ठेवलेल्या रेषेवर करा, तर तासाभराचं श्रमदान शिकवतं. फोटोपुरतं कुठेही खोदू नका. झाडं तर लावूच नका, जोवर पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याचं नाव लिहून मिळत नाही.

वक्त्यांचं आता सांगतो. तीनच, प्रत्येकी वीस मिनिटं. एक भूजलशास्त्र जाणणारा, ज्याला त्या भागाचा खडक माहीत आहे. एक रोज पाणी सोडणारा वॉलमन. कुठल्या गल्लीला किती मिनिटं पाणी जातं आणि कुठे गळतं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आणि एक अशी बाई जिच्या दिवसातले तास पाणी भरण्यात जातात. तिघांनाही "तुमचे विचार मांडा" असं न सांगता तीन नेमके प्रश्न आधी लेखी पाठवा. ज्यांना व्यासपीठावर बसण्याची सवय नाही त्यांच्यासमोर मुलाखत घेणारं कुणीतरी बसवा, बोलणं मोकळं होतं.

परिषदेचं स्वतःचं पाणीही मोजा. सुरुवातीला आणि शेवटी मीटरचं वाचन सगळ्यांसमोर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणशी वापर फळ्यावर. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये दुष्काळात १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी ५० लिटरची मर्यादा होती, तो आकडा शेजारी लिहा. पिण्याचं पाणी जारमधून, पेला अर्धाच भरायचा, हवं तर पुन्हा घ्यायचं.

ठराव एका पानाचा ठेवा. "आम्ही पाणी वाचवण्याचा संकल्प करतो" या वाक्याला कुणी हरकत घेत नाही, म्हणूनच त्याचा उपयोग होत नाही. प्रत्येक कलमात पाच गोष्टी हव्यात: कोण, काय, कुठे, कधीपर्यंत, आणि झालं हे कशाने मोजणार. उदाहरणार्थ, "वसतिगृहाचे गट क्रमांक ३ मधले पाच जण जूनच्या १५ तारखेपर्यंत सर्व नळांची गळती मोजून यादी प्राचार्यांना देतील आणि दुरुस्तीनंतर आठ दिवसांचं मीटर वाचन फलकावर लावतील." ठराव स्वीकारणारा माणूसही आधी ठरवा. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेआधी होणाऱ्या युवा परिषदेचं निवेदन पुढे मांडलं जातं, कारण ते स्वीकारणारी जागा ठरलेली आहे. तुमच्या पातळीवर ती जागा ग्रामपंचायत, नगरपालिकेचा पाणीपुरवठा विभाग किंवा महाविद्यालयाचं व्यवस्थापन असेल. त्यांना मसुदा पंधरा दिवस आधी दाखवा आणि समारोपाला पाहुणे म्हणून न बोलावता उत्तर द्यायला बोलवा.

नंतरच्या वर्षासाठी अपेक्षा लहान ठेवा. दोनशेपैकी वीस-पंचवीस जण टिकले तरी पुष्कळ काम होतं. विहिरींची पातळी महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला; पाऊस रोज साडेआठला. पर्जन्यमापक घरगुती बनवत असाल तर नरसाळ्याचा व्यास नीट मोजा: १० सेंमी व्यास असेल तर ७.८५ मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. झाड किंवा भिंत जेवढी उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो ठेवा. नोंद कागदाच्या एकाच वहीत, आणि तिचा फोटो महिन्याला एकदा गटावर. नुसता व्हॉट्सॲप गट केला तर महिन्याभरात तिथे फक्त सुप्रभात उरतं. मोजणी तुटते ती बहुधा परीक्षेच्या महिन्यात आणि शेवटच्या वर्षाची मुलं बाहेर पडल्यावर, म्हणून प्रत्येक जागेला एक वरच्या वर्षाचा आणि एक पहिल्या वर्षाचा अशी जोडी लावा. आकडा घ्यायचा राहिला तर कोरी जागा सोडायची, अंदाजाने भरायची नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.

आठ आठवडे हातात नसतील, तीनच असतील, तर ३० वर्षांचा पाऊस आणि गावांचे ताळेबंद सोडून द्या. सगळ्यांनी मिळून एकच जागा घ्या, परिषद जिथे होणार ते आवार: छतं मोजा, नळ मोजा, टाकी मोजा, जवळची एक विहीर मोजा, आणि पहिली सकाळ त्याच हिशेबाला द्या. त्यासाठी आजच त्या ठिकाणी जाऊन पाण्याच्या मीटरचा आकडा तारीख-वेळेसह लिहून आणा. मीटर नसेल तर टाकीची आतली लांबी, रुंदी, उंची घ्या आणि पंप चालवणाऱ्याला विचारा, टाकी दिवसातून किती वेळा भरते.